सुट्टीची गोळी

४ फेब्रुवारी
शेजारच्या मानेबाईंनी सकाळी भिंतीवरून विचारले, "मास्तर, रोज कसलं हो भांडण बापलेकाचं?" भांडण नव्हते. चि. श्रीनिवास चहात साखर कमी पडल्याचे सांगत होता. टॉवेलच्या कारखान्यात एकटा चार माग सांभाळतो. निम्मे आयुष्य त्या खडखडाटात गेले. आता स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, आणि त्याला ऐकू जावे म्हणून आम्ही ओरडतो. घराची मधली सुट्टी झाली आहे.

त्याच्या बोलण्यातले स, श, च पुसट होत चालले आहेत. आमच्या तेलुगू घरात शुद्ध मराठी उच्चार मी छडी न उगारता रुजवले होते. कानाला जे मिळत नाही ते जिभेवर कसे टिकावे? हल्ली मी दुरुस्त करीत नाही.

८ फेब्रु.
कारखान्याला सुट्टी. श्रीनिवासला डॉ.कडे नेले. रक्तदाब उत्तम. "गोळी लागू पडली की, मास्तर!" कान मात्र परत यायचे नाहीत, उरले आहेत तेवढे जपावेत म्हणून स्पंजचे बोळे दिले. येताना नव्या पेठेतून द्राक्षे घेतली. समाधान.

११ फेब्रु.
बोळे खिशातच. कारण विचारले. "नान्ना, ते घातले की माग कळत नाही." धोटा अडखळला की ठोका बदलतो, तो बदल निसटला तर टॉवेल खराब. आता तो ठोका कानांपेक्षा पावलांनी अधिक ओळखतो म्हणे. फरशीतून.

सूनबाई अनसूया विड्या वळता वळता म्हणाली, "मामय्या, मी हाक मारलेली कळत न्हाय, माग कुरकुरला की लगेच कळतंय. त्या मागालाच नांदवा म्हणावं की!" श्रीनिवास तिच्या ओठांकडे पाहत होता. सारे कळले. हसला.

१७ फेब्रु.
दुपारी रफिक दारात. श्रीनिवासच्या शेजारचे माग त्याच्याकडे असतात. "मास्तर, घबराव नक्को. सीनू को चक्कर आया. भाईर बिठाये."

कारखान्याच्या दाराशी पोचलो तर आवाज छातीत शिरला. माग चालूच होते. आत माणसे हातांच्या खुणांनी एकमेकांशी बोलत होती. त्यांतल्या एकाने मला खुणेनेच बाहेरची बाजू दाखवली. तिथे श्रीनिवास सुताच्या पोत्यावर. नाकातून रक्त.

डॉ.कडे रक्तदाब दोनशेच्या पलीकडे. "मागल्या खेपेला तर चांगला होता. गोळी रोज घेतो ना?" मी ठामपणे हो म्हणालो. सोबत आलेला रफिक भिंतीवरचे चित्र पाहू लागला.

रिक्षात तो बोलला. "रोज कौन खाता, मास्तर? वो गोली खाये तो घडी-घडी पेशाब कू जाना पडता. चार माग कौन देखेगा? हमारे में सब छुट्टी के दिनच खाते. छुट्टी की गोली बोलते उसकू."

सुट्टीला गोळी, सुट्टीला झोप, सुट्टीला शांतता आणि तपासणीही सुट्टीलाच. आम्ही डॉ.ना दर खेपेस निराळाच माणूस दाखवीत आलो.

२० फेब्रु.
डॉ.नी गोळी बदलली. हिने सारखे जावे लागणार नाही; मात्र रोज घ्यायची, आणि पहिले काही दिवस घेरी येऊ शकेल. न घेतल्यास? श्रीनिवासला समजावे म्हणून डॉ.नी आपलाच उजवा हात लुळा सोडून दाखवला. तोंडही वाकडे केले. खुणांची भाषा त्याची रोजचीच, तत्काळ कळली. अनसूया उठून बाहेर गेली.

तिथूनच शेठकडे. माझाच विद्यार्थी. विनंती केली: दोनच माग द्यावेत, अथवा आवाज नसलेल्या घडी खात्यात घ्यावे. "मास्तर, तुम्हाला न्हाय कसं म्हणू? पण घडीला बायका हायत. आन् दोन मागाला एक माणूस, कुटं परवडतंय?" चहा पाजला, रिक्षापर्यंत सोडायला आला. म्हणजे नाही.

२३ फेब्रु.
श्रीनिवास घरीच. गोळी घेतली नाही. "घेरी आली आणि चालत्या मागात हात गेला तर?" त्याचे म्हणणे खोटे नाही. मी म्हणालो, "हात गेला तरी तू राहशील."

असे बोलायला नको होते. त्याने ओठांवरून अक्षर न् अक्षर वाचले. ताटावरून उठला.

२५ फेब्रु.
रफिक येऊन गेला. घेरी वाटली की श्रीनिवासने हात वर करायचा, रफिक त्याचे माग बंद करील, असे ठरले. रफिकचे स्वतःचे चार आहेत. त्यांच्याकडे वळला की श्रीनिवासकडे पाठही असते.

गोळीविषयी श्रीनिवास हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

२७ फेब्रु.
आज पुन्हा कामावर. गोळी मीच त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने तोंडात टाकली, तांब्यातून घोट घेतला, डबा उचलला. लहानसा घोट. घशाकडे पाहायचे माझे राहून गेले.

दारातून विचारले, "गिळलीस ना?" तो पाठमोरा. अधिक मोठ्याने विचारले. मग वर्गातही कधी काढला नव्हता असा आवाज काढला. अनसूया विड्यांचे सूप टाकून धावत आली. समोरचा चहावाला थांबला. मानेबाई भिंतीवरून, "मास्तर, सकाळी सकाळी परत?"

साऱ्या गल्लीने ऐकले. चि. श्रीनिवास कोपऱ्यावरून वळला.