ओ दे ना रे

संघमित्राताई,

तुझ्या बेटावरच्या जंगलातली रेकॉर्डिंग्ज मी इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये, पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला ऐकवतो. मागच्या महिन्यात त्याने तुझ्या नामशेष समजलेल्या पक्ष्याची शीळ पकडली. "जिवंत आहे रे अनुप!" म्हणत तू फोनवर रडलीस. त्या शिळेमुळे जंगलातून जाणारा रस्ता कॅन्सल झाला.

आज फाइल मी स्वतः ऐकली. शिळेआधी बटणाचा खटका आहे. नंतर नुसता पाऊस, आणि तुझा आवाज: "ओ दे ना रे, बाळा."

त्याला बोलवायला तूच स्पीकरवर त्याची जुनी, रेकॉर्ड केलेली शीळ वाजवलीस. रेकॉर्डर चालू होता, हे विसरलीस.

खरं सांगितलं तर रस्ता पुन्हा मंजूर होईल, जंगलातल्या बाकीच्या पक्ष्यांवर बुलडोझर फिरेल.

तू रोज विचारतेस, "पुन्हा ऐकू आला का?" हे पत्र मी पाठवणार नाही. मी म्हणत राहीन, "अजून नाही."

तुझा,
अनुप