तिसऱ्या रायफलीचं माप

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

खूप दिवसांनी हातात पेन धरलंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. इकडे आम्ही ठणठणीत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरताना तेवढा कुरकुरतो. आई मात्र दोन्ही वेळा कुरकुरते. भावजींना नमस्कार सांग. चिमणीचे पुढचे दात आले का?

बातमी अशी की मी नवीन रायफल घेतली.

कशी घेतली ते ऐक, मजा आहे. सर गेले वर्षभर मागे लागले होते, "एकदा मिस्त्रींकडे जाऊन माप तरी दे." रायफलीला कसलं माप, ती काय ब्लाउज आहे, असं म्हणून मी टाळत होते. शेवटी गेले. मिस्त्रींचं दुकान तुला ठाऊकच आहे, एक लांबलचक खोली. या टोकाला कानशी, पेचकस आणि लाकडाचा भुसा, त्या टोकाला भिंतीवर निशाण. मिस्त्रींनी आधी मला भिंतीला टेकून उभं केलं. सहा फूट एक इंच भरले. मग कोपरापासून बोटापर्यंत, कानापासून खांद्यापर्यंत, कोपरापासून कंबरेच्या हाडापर्यंत मापं घेतली. एवढी मापं तर माझ्या लग्नाच्या ब्लाउजसाठीसुद्धा कोणी घेणार नाही.

मग म्हणाले, "आता तुमची रायफल खांद्याला लावा. डोळे मिटा. मान जशी आरामात राहील तशी राहू द्या. हं, उघडा. काय दिसतं?"

"साइटचं टोपण," मी म्हटलं.

"साइटच्या छिद्रातून निशाणाचं काळं वर्तुळ दिसायला हवं. ते कधी दिसतं?"

मी मान खाली घातली, पुढे काढली, जराशी तिरकी केली. "आता दिसतं."

मिस्त्री कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. "बाई, तुम्ही नेम धरत नाही, रायफलीच्या पाया पडताय. साठ शॉट अशा वाकून मारता? मान दुखत नाही?"

मी मान चोळली.

त्यांनी तीन रायफली काढल्या. पहिली लालभडक, चकाचक. ती हातात घेतल्यावर मी आरशात बघायला गेले, तर त्यांनी ती काढूनच घेतली. "ही फोटोसाठी चांगली. हिचा दस्ता पूर्ण ओढला तरी तुम्हाला दोन बोटं तोकडा पडेल." दुसरी लांबीला बरी होती, पण तिची गाल टेकवायची गालपट्टी वर सरकेना. तिसरी राखाडी, आधी कोणीतरी वापरलेली, कडेला ओरखडे. दिसायला अगदी पाइप. पण तिचं सगळं सरकतं. मिस्त्रींनी दस्ता लांबवला, गालपट्टी वर घेतली, साइटखाली ठोकळे घालून ती उंच केली, डाव्या तळव्याखालचा टेकू खाली आणला, म्हणजे माझं कोपर कंबरेवर नीट बसलं. प्रत्येक पेच फिरवला की पुन्हा तेच, "डोळे मिटा. उघडा." तीन तास गेले. अकराव्या की बाराव्या खेपेला डोळे उघडले आणि ताई, वर्तुळ समोर होतं. मधोमध. मी मान हलवली नव्हती. मला रडू आलं आणि मिस्त्रींना वाटलं, पेच लागला.

दोन महिने तिच्यावर सराव केला. परवा निवड चाचणी झाली. शेवटचे दहा शॉट मारताना माझी मान ताठ होती आणि डोळा स्वच्छ. दहापैकी नऊ वेळा दहा गुणांच्या वर. मी पहिली आले. खोटी नम्रता कशाला, मस्त मारले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आतापर्यंत तीन पानं फाडली आहेत.

दोन वर्षांपूर्वी आपण एका संघात होतो, तेव्हा सांघिक फेरीत माझे शेवटचे दहा शॉट कोसळले. पदक सहा दशांश गुणांनी गेलं. कपडे बदलायच्या खोलीत तू म्हणालीस, "काळीज कच्चं असेल तर या खेळात येऊ नये." मग तू नेमबाजीच्या जॅकेटची घडी घालून ते कायमचं कपाटात ठेवलंस आणि आपण दोघी फक्त आईच्या तब्येतीबद्दल बोलू लागलो. मी मनात तुला दोष देत राहिले. बहीण असून असं बोलली, म्हणून.

पण मला कारण माहीत होतं, ताई. त्या वर्षी मी दोन इंचांनी वाढले होते. चाळीस शॉटनंतर मानेत गोळा यायचा आणि डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. तीन महिने हे चाललं होतं. तू दोनदा म्हणालीस, "ही माझी जुनी रायफल तुला तोकडी पडतेय, चल मिस्त्रींकडे." त्या दिवशी सकाळीसुद्धा विचारलंस, "नीट बसते ना?" मी म्हटलं, "एकदम."

खोटं बोलले. त्याच रायफलीवर तू पहिलं पदक मारलं होतंस. मला तिच्यासकट तुझ्यासारखं व्हायचं होतं. तुझ्यासारखं उभं राहायचं, तुझ्यासारखं दिसायचं. ती मला बसत नाही हे कबूल करणं म्हणजे मी तू होऊ शकत नाही हे कबूल करणं, असं वाटायचं. तुझं पदक माझ्या भित्रेपणानं गेलं नाही, माझ्या हट्टानं गेलं. त्या खोलीत तू रागावलीस ते योग्यच होतं, फक्त कारण तुला चुकीचं माहीत होतं. आणि ते मी कळू दिलं नाही. मला माफ कर.

अजून एक. संघात तिसरी जागा रिकामी आहे. पुढची चाचणी सहा आठवड्यांनी आहे. सरांना तुझं नाव मी सांगितलंय, तुला न विचारता. हवं तर यावरही रागाव, पण समोर बसून. चिमणी झाल्यापासून तुझा खांदा बदलला असेल, तुलाही नव्यानं माप द्यावं लागेल. मिस्त्रींकडे शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे.

मी नऊ वाजता तुझ्या दारात असेन. जॅकेट बाहेर काढून ठेव.

तुझीच,
धाकटी