गुडघ्यावरचा पाय

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावरही चिडले आहे. अर्धवट शिकवायचं असेल तर शिकवूच नये, असं तुम्ही म्हणायचात. मी बनवलेला पहिला कृत्रिम पाय तुम्ही पेशंटच्या मांडीवरून काढलात, कातडीवर उठलेला लाल वळ दाखवलात आणि म्हणालात, "हा तुझ्या सोयीचा झालाय, त्यांच्या नाही." मी मागच्या बोळात जाऊन रडले. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही माझे हात धरून प्लास्टरचा साचा पुन्हा घ्यायला लावलात. तो दुसरा दिवस तुमच्या हातात होता. मी शिकवायला लागले तेव्हा तो माझ्या हातात नव्हता.

गेल्या वर्षी आपल्या कसब्यातल्या वर्कशॉपमध्ये सुदानची एक मुलगी शिकायला आली. वाघोलीच्या कॉलेजात होती. तिकडे युद्ध पेटलं, घरून फी येईना, कॉलेज सुटलं. अशा मुलांना हाताला काम शिकवण्यासाठी खराडीतली एक कंपनी खर्च करत होती. तिचा हात असा, की तुम्ही काहीच बोलला नसतात. म्हणजे तुमची शाबासकीच. गुडघ्याखालचा पाय ती एकटी करायला लागली. गुडघ्यावरचा, मांडीतून पाय गेलेल्यांचा, अवघड; तो पुढच्या सत्रात होता.

मग कंपनीच्या बाई कॅमेरा घेऊन आल्या. मुलगी नुकताच केलेला पाय हातात धरून उभी आहे, तो कसा केला ते सांगतेय, आणि बाई परत परत विचारतायत, घरावर बॉम्ब पडला तेव्हा काय वाटलं. ती पुन्हा पायाबद्दलच सांगू लागली. बाईंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, पाय नको हो, स्टोरी हवी. थोडी रडली तरी चालेल."

"मग पेशंटनाही स्टोरीच बांधून देऊ," मी म्हटलं.

पुढचं सत्र रद्द झालं. यंदा आमचा भर दुसऱ्या विषयावर आहे, कंपनीवाले म्हणाले. म्हणे भर! मी फुकट शिकवायला तयार होते, पण तिचा व्हिसा त्या कोर्सवरच होता. ती गेली, सुदानच्या सीमेपलीकडे, निर्वासितांच्या छावणीत आईकडे.

आता ती तिथे पाय बनवते, गुडघ्याखालचे. मांडीतून पाय गेलेले लोक येतात, तो पाय करणारं दुसरं कोणी जवळपास नाही, आणि ती त्यांना परत पाठवते. मी व्हिडिओ कॉलवर शिकवू बघते. सांधा कुठे बसवायचा ते सांगताना नेमकं चित्र अडकतं. परवा तिच्याच वयाच्या एकाला तिने परत पाठवलं. "तो रागावलासुद्धा नाही, मॅडम," एवढंच म्हणाली.

मी रागावलेय. तिला अर्ध्यावर सोडणाऱ्यांवर, आणि तुमच्यावरही. काम चोख कर, एवढंच शिकवलंत. ते ज्यांच्या पैशावर चालतं त्यांच्यापुढे तोंड कसं सांभाळायचं, हे कधी सांगितलं नाहीत. तुमच्यावर ती वेळच आली नाही.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. या सोमवारी येमेनच्या दोघी बहिणी शिकायचंय म्हणून आल्या. दुपारी मी त्या बाईंना फोन लावला. आवाज गोड ठेवला. दोन्ही सत्रांचा खर्च द्या, कॅमेरा घेऊन या, मुली बोलतील, असं सांगितलं. बाई लगेच हो म्हणाल्या.

मुलींना मी अजून विचारलेलं नाही.