अकराव्या क्रमांकाचा पूल

प्रिय मोजणीदार,

नावानं हाक मारायचा हक्क उरलाय की नाही, ठाऊक नाही, म्हणून कचेरीतलंच नाव घेतलं. तू मला ‘यादीवाली’ म्हणायचास. तू गेल्यावर ते नाव कुणी घेतलं नाही. आता सगळे तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘काटेकोर बाई’.

आधी इकडची खबरबात. आपला विभाग नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेला. लिफ्ट आहे, पण ती बंदच असते. लोकांच्या येण्याजाण्याची सोय बघणारे आम्ही रोज धापा टाकत जिना चढतो. आईला कमी ऐकू येतं. तुझा विषय निघाला की मात्र तिचे कान बरोब्बर उघडतात. “तो नदीकाठी बसून माणसं मोजणारा हल्ली कुठे असतो गं?” असं विचारते. मी म्हणते, “पलीकडे.” माझ्या खोलीतल्या नकाशावर हे पलीकडे अर्ध्या नखाएवढं आहे. कितीदा तरी तिथं बोट ठेवून उभी राहिलेय. कुणी आत आलं, की नदीची खोली बघतेय असं दाखवायचं.

तुझे ते तीन दिवस आठवतात? पुलाचा प्रस्ताव आला होता आणि वाहनं मोजायला तुला होडीच्या धक्क्यावर बसवलं होतं. परत आलास तो नाक सोलवटून, उन्हानं लाल होऊन. फॉर्मवर चौदा मोटारसायकली, त्याही होडीत आडव्या घालून नेलेल्या. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतंस, ‘माणसं तीनशे बारा.’ माणसांसाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. “पूल नाही म्हणून गाड्या नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून पूल नाही. हा कुठला न्याय?” असं तू विचारलंस. मी तुला वेळेच्या किमतीचा तक्ता दाखवला. पुलामुळे कुणाचा किती वेळ वाचेल, त्यावर गुण. नोकरदाराच्या तासाला पूर्ण किंमत, म्हातारीच्या तासाला पाव, शाळकरी पोरांच्या तासाला शून्य. तू तक्त्याच्या रकान्यांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, “म्हणजे म्हातारीनं होडीची वाट बघत दिवस काढला, तरी सरकारच्या लेखी ती दोन तासच बसली.” मला हसू आलं होतं. त्या हसण्याची आज लाज वाटते.

पूल माझ्या प्राधान्य यादीत अकरावा आला आणि निधी दहाव्यापाशी संपला. तू माझ्या टेबलाशी आलास. खुर्ची पुढे केली तरी बसला नाहीस. “सामाजिक गरजेच्या रकान्यात दोन गुण वाढव. ते तुझ्याच हातात आहे.” मी म्हणाले, “आज तुझ्यासाठी दोन वाढवले, तर उद्या कुणाच्या मेव्हण्यासाठी चार वाढवायला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?” तू भांडला असतास तर बरं झालं असतं. पण तू “बरोबर आहे तुझं,” म्हणालास आणि वळलास. महिन्याच्या आत राजीनामा देऊन होडीनं पलीकडे गेलास. तिथल्या शाळेत गणित शिकवतोस, असं होडीवाल्याकडून कळलं.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही, ते सांगते. तू गेलास त्याच आठवड्यात वरून फोन आला. तेविसाव्या क्रमांकाचा एक रस्ता तिसरा करायचा होता. कुणासाठी, हे विचारायची सोय नव्हती. मी विचारलंही नाही. नवी यादी माझ्याच हातांनी टाइप केली, सही केली, खाली तारीख घातली. तुझ्यासमोर ताठ राहिलेली मान त्या फोनपुढे सहज वाकली. दुसऱ्या दिवशी हे तुला सांगायचं म्हणून धक्क्यापर्यंत आले होते. होडी भरली, सुटली, आणि मी तशीच उभी राहिले. कुठल्या तोंडानं येणार होते?

मग एकच गोष्ट धरून बसले. गुण वाढवायचे नाहीत, नियम बदलायचा. पायी जाणारा माणूस मोजायचा आणि सगळ्यांच्या तासाला एकच किंमत द्यायची. सतरा वर्षांत फाइल बारा वेळा परत आली. एक साहेब तर म्हणाले, “बाई, ही फाइल तुमच्याबरोबरच निवृत्त होणार!” ते साहेब निवृत्त झाले. फाइल मागच्या वर्षी मंजूर झाली. नव्या नियमानं या वर्षी सगळे प्रस्ताव पुन्हा तपासले, आणि काल तुमचा पूल चौथा आला. निधी नवव्यापर्यंत पुरला. शिपाई दारातूनच ओरडत आला, तेव्हा मी समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते.

बाहेर का, ते सांगण्यासाठीच हे पत्र. समितीत बसण्याआधी एक घोषणापत्र भरावं लागतं. प्रकल्पाच्या भागात तुमचं कुणी आहे का? असेल तर चर्चेच्या वेळी उठून बाहेर जायचं. आजवर ‘नाही’ लिहीत आले. या वेळी पेन अडलं. मी ‘होय’ लिहिलं आणि बाहेर आले, त्यामुळे पूल ठरला तेव्हा मी खोलीत नव्हते. याची तुला खात्री असावी. पण निकालाबरोबर ही घोषणापत्रंही जाहीर होतात. सोमवारी ती तुमच्या धक्क्यावरच्या फलकावर लागतील आणि सगळं गाव वाचेल. त्याआधी तू माझ्याकडून वाच. ‘नात्याचे स्वरूप’ या रकान्यात मी लिहिलंय: ‘लग्न ठरलं होतं. माझ्या बाजूनं अजून मोडलेलं नाही.’ चुकीचं असेल तर तीस दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत नसेल, तर काहीच कळवू नकोस. एकतिसाव्या दिवशी सकाळच्या होडीनं मी येईन.

अजूनही तुझीच,
यादीवाली