टमाटर तू नाही मारले

सुमन पोरी,

चौथीपर्यंत शिकलेली तुझी सासू पहिल्यांदाच तुले चिठ्ठी लिहून राहिली. तू कुठून वाचणार! पण काल तुझं वर्षश्राद्ध झालं अन् मी माझं पान तसंच बाजूले सारलं. काहून, ते दुसऱ्या कोणाले सांगू?

तुझा भाऊ प्रकाश आलता. शेतकी कॉलेजात शिकते ना तो! पानं वाढेपर्यंत क्वार्टरमागच्या बागेत गेला अन् म्हणे, "मावशी, टमाटर सुकून राहिले."

मी म्हटलं, "कोराडीच्या वीजघराची राख पडते, दुसरं काय?"

त्यानं एक झाड उपटलं, बुडखा कापला अन् काचेच्या गिलासात पाण्यात धरला. दांड्यातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला वं! म्हणे, "मर रोग हाय. मातीतच हाय. इथं पहिले वांगी मेली असतील." मेलीच होती.

मी हळूच विचारलं, "विटाळानं नाही होत?"

"कोण म्हणते असं?"

मी पानं वाढायले आत निघून गेली.

तू होती तेव्हाही टमाटर असेच सुकले होते. तू तर तेव्हाच म्हणाली होती, "आत्याबाई, पाणी देऊनही झाडं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी उभी होतात. मुळातच काही असन." अन् मी काय केलं? नळावर चार बायांसमोर ओरडली, "विटाळाच्या दिवसांत बागेत पाय टाकला हिनं! हिनंच मारले माझे टमाटर!"

तू पाण्याची गुंडी उचलून घरात गेली. काहून नाही भांडली वं माझ्याशी? दोन शब्द तोंडावर मारायचे होते! त्यानंतर बागेकडे फिरकलीसुद्धा नाही. कावीळ झाली, खाटेवर पडली, तरी मी मेलीनं एकदा म्हटलं नाही, की सुमन, चुकलं माझं.

औंदा घरात विटाळाचं कोणीच नाही. मी म्हातारी अन् तुझा नवरा. तरी सारी झाडं गेली.

प्रकाश म्हणे, या मातीले औषध नाही. उपटून जाळा, तीन-चार वर्षं टमाटर-वांगी लावू नका. जाळीन. पण तुले कुठून आणू?

उद्या पाणी आलं की नळावर जाईन. तुझं नाव जेवढ्या जोरानं घेतलं, तेवढ्याच जोरानं सांगीन, सुमननं काही केलं नव्हतं, मीच खोटी. त्या चौघींतल्या दोघी बदली होऊन गेल्या. कुठं गेल्या, कोणाले ठाव नाही. त्यांच्यासाठी तू तशीच राहणार वं पोरी. तरी सांगीन.

तुझी सासू,
अनुसया