शनिवार-रविवारची गाडी आणि दहाचे बारा

ती. ताईस,

धाकटीचा उभ्या उभ्या नमस्कार. (वाकून करायला हवा, ठाऊक आहे. पण एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी करून माझी कंबर वाकायची विसरली आहे. ती आता नुसती डोलते.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी घेतेस ना, की सूनबाईंनी विचारलं म्हणजे घेतली म्हणतेस? खुब्याचं हाड जुळून दीड वर्ष झालं, डॉक्टर चाला म्हणतात, आणि तू मात्र पलंगापासून खिडकीपर्यंत एवढीच फेरी मारतेस असं सूनबाई सांगत होत्या. मी फोनवर काही विचारावं तर तुला ऐकू येत नाही. 'हो हो, बरं बरं' म्हणून तू फोन ठेवून देतेस. मागच्या वेळी मी 'तुला ताप आहे का' विचारलं तर 'हो हो, सगळ्यांना सांगते' म्हणालीस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मध्येच डुलकी काढू नकोस.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपण दोघी सख्ख्या बहिणी एकाच गावाच्या दोन टोकांना राहतो, मध्ये अवघे चौदा थांबे, आणि सात महिन्यांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. ही काय रीत झाली? तू माझ्याच गाडीतून उतरताना पडलीस, आणि तेव्हापासून उंबरा ओलांडत नाहीस. (पाय घसरला, म्हणून तूच सगळ्यांना सांगितलंस. असो.) सोमवार ते शुक्रवार मी नातीला सांभाळते, कारण लेक दवाखान्यात आणि जावई फिरतीवर. शनिवार-रविवारी मी मोकळी, तर गेल्या वर्षापासून बस बंद! म्हणे तोटा होतो. टॅक्सी म्हणशील, तर एकदा केली होती. तुझ्या गल्लीचं वळण आलं तेव्हा सवयीने मी टपावर एकदा टकटक केलं, त्याने दचकून गाडी थांबवली. मग पुढे चल म्हणून दोनदा केलं, तर त्याने मलाच खाली उतरवलं. तिथून पुढे मी पायी आले, तुला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की शनिवार-रविवारची बस मीच सुरू करून दाखवीन. हसू नकोस. बस कंपनीच्या व्यवस्थापकाकडे गेले. (हा तोच, जो नवीन आला तेव्हा मी त्याला विनातिकीट पकडलं होतं. साहेब झाला तरी माझ्यासमोर खिसे चाचपतो.) त्याने अगदी सरळ सांगितलं, की दोन दिवसांच्या डिझेलला पैसे नाहीत, द्यायचे तर तिकीट वाढवावं लागेल, दहाचे बारा, आणि वाढवायचं तर लोकांना विचारावं लागेल, आणि विचारण्याआधी मुळात रविवारी कुणाला कुठे जायचंय याचे आकडे लागतील. आकडे ना? आणते म्हणाले. मला कसली अडचण!

दुसऱ्याच रविवारी सकाळी आठला मी वही-पेन घेऊन आमच्या थांब्यावर उभी राहिले, रविवारी किती माणसं बसची वाट बघतात ते मोजायला. लेक म्हणाली, अगं आई, बस येतच नाही तिथे वाट बघायला कोण येईल? मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. नऊ वाजेपर्यंत मी प्रत्येक पाच मिनिटांच्या रकान्यात व्यवस्थित शून्य लिहिलं. बारा शून्यं. अक्षर सुंदर आलं. तेवढ्यात गार वारा सुटला म्हणून मी पिशवीतला कोट काढून चढवला, आणि ताई, हीच काय ती माझी चूक, ती सुद्धा अर्धी. कोट कंपनीचा होता. खाकी, पितळी बटणांचा, छातीवर बिल्ल्याची जागा. चहाच्या टपरीवरचे एक आजोबा काठी टेकत आले आणि गाडी किती वाजता म्हणून विचारलं. आणि एकतीस वर्षं जे उत्तर तोंडात बसलंय ते आपोआप बाहेर पडलं, की येतेय, रांगेत उभे राहा.

झालं! आजोबा उभे राहिले. आजोबा उभे दिसले म्हणून परिचारिका उभी राहिली, तिच्यामागे दोन मुलींना घेऊन त्यांची आई, न्हावी, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, आणि हातावर नवाकोरा कोट टाकलेले आपल्या नाक्यावरचे शिंपीदादा. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण रांग वाकडी झाली होती! वाकडी रांग बघून मला काही सुचत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी रांग सरळ केली, टोपल्या कडेला घ्यायला लावल्या, आजोबांना पुढे घेतलं, मध्ये घुसणाऱ्या एकाला झापलं. साडेनऊपर्यंत एक्केचाळीस माणसं, एका ओळीत, सुतासारखी. माझ्या नोकरीत सुद्धा इतकी देखणी रांग झाली नव्हती. मग मी वही घेऊन पुढून मागे गेले आणि प्रत्येकाला विचारून लिहिलं, कुठे जायचं, किती वाजता परतायचं, बारा द्याल का. सगळ्यांनी सांगितलं. थंडीत उभा असलेला माणूस बारा काय, वीसही द्यायला तयार असतो.

शेवटच्या माणसाचं लिहून झाल्यावर खरं सांगणं भाग होतं. मी थांब्याच्या बाकावर चढून सांगितलं, की बंधू-भगिनींनो, आज बस नाही, पण तुमच्यामुळे ती लवकरच येणार आहे. त्यानंतर काय बोलणी झाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मासळीवाल्यांनी माझ्या घराण्याचा उद्धार केला (म्हणजे त्यात तूही आलीस, वाईट वाटून घेऊ नकोस).  शिंपीदादांना तो कोट दहाच्या आत गिऱ्हाइकाला पोचवायचा होता, तो हातावर टाकून ते पायीच निघाले, आणि पोचले तेव्हा गिऱ्हाईक जुन्याच कोटात निघून गेलं होतं. त्यांनी मला एकदा मागे वळून पाहिलं होतं, तेवढंच. पण ते पाहणं मला दोन दिवस टोचत राहिलं.

असो, आकडे तर मिळाले! एक्केचाळीस. व्यवस्थापक बघतच राहिला. महिनाभरात नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी लागली. गर्दी म्हणशील तर तोबा. खुर्च्या संपल्यावर लोक खिडकीत बसले, आणि मी (सवय, दुसरं काय) सगळ्यांना आत सरका, मध्ये जागा आहे म्हणून सरकवलं. रोज बसने जाणाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही सोमवार ते शुक्रवार जातो, मग रविवारच्या लोकांचं भाडं आम्ही का भरायचं? मी उठले आणि सांगितलं, की रविवारची माणसं काही आकाशातून पडत नाहीत, ती तुमचीच आई, बहीण आणि सासू असते. सोमवारी तुम्ही तिला बसमध्ये बसवता आणि रविवारी काय कपाटात ठेवता? टाळ्या पडल्या. एकाने विचारलं, म्हातारी माणसं सवलतीवर बसून जागा अडवतील आणि तोटा होईल त्याचं काय? मी त्यावरही ठोकून उत्तर दिलं (काय दिलं ते खाली सांगते). माझा आवाज असा लागला होता, ताई, की मागच्या दरवाज्यापर्यंत ऐकू जात होतं. मी म्हटलं, दोन रुपड्यांत काय कुणाचं घर बुडतं! आपण सगळ्यांनी थोडी तोशीस सोसायला नको का?

तेव्हा मागून शिंपीदादा उठले. शांतपणे म्हणाले, बाई, तुमचं तिकीट किती?

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि माझ्या पर्समध्ये, ताई, निवृत्त कर्मचाऱ्यांचा मोफत पास. आजन्म. फोटोसकट. खरं सांगते, महिनाभर लोकांना दहाचे बारा समजावताना माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं, की त्यातला एक पैसाही माझा नाही.  जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खाली बसले असते तर बसही बसली असती. म्हणून मी पास काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हटलं, हा घ्या, आजपासून मी पण बारा देणार. आणि फाडायला गेले. तर तो फाटेना! वरून प्लॅस्टिक चढवलेलं. मी ओढला, पिळला, दातांनी धरला. दोनशे माणसं माझ्याकडे बघतायत आणि मी पास चावतेय. शेवटी शिंपीदादाच पुढे आले, खिशातून कात्री काढली, माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, सरळ कापा, वाकडं जाऊ देऊ नका. मी सरळ कापला. त्यानंतर जे हात वर झाले ते मोजायला व्यवस्थापकाला दोनदा सुरुवात करावी लागली.

तर ठराव पास झाला! पहिल्या तारखेपासून दहाचे बारा, आणि येत्या शनिवारपासून बस सुरू. सध्या तीन महिने बघायचं ठरलंय. अट एवढीच, की दर फेरीला निदान वीस तिकिटं खपली पाहिजेत. सलग दोन फेऱ्या कमी पडल्या की बंद. त्याची मला मुळीच काळजी नाही. सगळी नावं मी घरोघर जाऊन पक्की केली आहेत. शिंपीदादांनी माझ्या कोटाची बटणं काढून साधी लावून दिली, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. पैसे घेतले नाहीत. रविवारी सकाळी आठ दहाच्या गाडीने मी निघते, नवाच्या आत तुझ्याकडे. सूनबाईंना म्हणावं माझ्यासाठी काही करू नका, मला थांबायला वेळ नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. थांबायला वेळ का नाही, ते सांगते. बस तुमच्या शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं उभी राहते आणि नऊ पाचला परत फिरते. तुमच्या टोकाकडून त्या परतीच्या फेरीला कितीही खटपट केली तरी मला धरून एकोणीसच होतात. एकोणीस! विसावं तिकीट तू काढायचं आहेस. पातळ नेसून, चपला घालून पावणेनऊला तयार राहा. दिवसभर माझ्याकडे राहा, पाच वीसच्या गाडीने मी तुला परत आणून सोडते. मला तुझ्याकडे यायचं असतं तर टॅक्सीवाल्याच्या शेजारी हात बांधून मुकाट बसलेही असते, दर रविवारी. पण टॅक्सीने मी आले असते, तू बाहेर पडली नसतीस.

ता. क. २. तुला पूर्ण तिकीट पडेल. ज्येष्ठांची सवलत शनिवार-रविवारी रद्द झाली आहे. सभेत ते सुचवणारी बाई मीच. त्या क्षणी फार चांगलं सुचलं असं वाटलं होतं. सुट्टे बारा आण.

ता. क. ३. तू पडलीस त्या दिवशी तुझा पाय घसरला नव्हता. तुझा दुसरा पाय अजून पायरीवर होता आणि मी घंटी दिली. गाडी दोन मिनिटं उशिरा होती म्हणून. तुला हे माहीत आहे, मला माहीत आहे, आणि दोन वर्षं तू लोकांना पाय घसरला म्हणून सांगतेस. माझं चुकलं, ताई. यावर उत्तर पाठवू नकोस, मला वाचवणार नाही. काय बोलायचं ते गाडीत बोल, शेजारीच बसेन. रविवारी कंडक्टर नवी पोरगी आहे, तिला मी बजावून ठेवलंय. तुझे दोन्ही पाय जमिनीला टेकले असं तू स्वतः म्हणेपर्यंत मी दारात आडवी उभी राहणार आहे. गाडीला उशीर झाला तर होऊ दे.