गिऱ्हाइकं हल्ली फार हलतात

४ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प. चार दिवस उशिरा, पण पक्का. गिऱ्हाइकांना शिस्त लावायची. हल्ली माणसं खुर्चीत स्वस्थ बसतच नाहीत. आज बँकेतल्या कॅशियरच्या हनुवटीला वस्तरा लागला. ऐन वेळी हलला. तो म्हणे, मी हललोच नाही. मी म्हणालो, मग काय दुकान हललं? तुरटी लावली. हनुवटीला टॉवेल धरूनच गेला. टॉवेल आपला.

चिरंजीव शेजारच्या खुर्चीवर केस कापत होता. कापता कापता आरशातून माझ्याकडेच बघत राहिला. कामात लक्ष नाही या पिढीचं.

७ जानेवारी
भिंतीवर पाटी लावली. ‘दाढी चालू असताना कृपया हलू नये.’ अक्षर मीच काढलं. जरा डुगडुगतं आलंय. स्टूलचा एक पाय आखूड आहे.

१२ जानेवारी, दुपार
जेवताना टेबलाखाली माझा पाय हिला लागला. ही म्हणाली, या वयात काय हे थेर! मी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण गालात हसली, म्हणून बोललो नाही. तेवढ्यात हात उडाला आणि ग्लासभर पाणी सूनबाईच्या मांडीवर. मग कोणीच हसलं नाही.

संकल्प: चहा बंद. चहानेच नसा तापतात.

१३ जानेवारी
चहा चालू. एकदम बंद करणं प्रकृतीला बरं नसतं.

२१ जानेवारी
सगळ्यांनी मिळून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आपल्या नाकाला बोट लावा, मग माझ्या बोटाला, म्हणाल्या. त्यांचं बोट सारखं जागा बदलत होतं. सरळ रेषेत चाला, म्हणाल्या. फरशी गुळगुळीत. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं.

मेंदूचा आजार आहे म्हणे. नाव लांबलचक, कशाला लिहा. हातपाय आपले आपणच हलतात, आणि हळूहळू वाढत जातं. गोळीने हलणं थोडं कमी होईल, आजार जाणार नाही. वडिलांना असं काही होतं का, विचारलं. म्हणालो, झोकांड्या खात, हातवारे करत. लोक म्हणायचे, पितो. घरात बाटली कधी दिसली नाही, ही गोष्ट वेगळी. बाईंनी पेन खाली ठेवलं. हे घराण्यातून येऊ शकतं, मुलाशी एकदा नीट बोला, म्हणाल्या. मुलाशी मी रोजच बोलतो.

बाहेर आलो तर चिरंजीव बाकावर दोन्ही हात पुढे धरून बघत बसलेला. विचारलं, काय रे? म्हणाला, नखं वाढलीत.

२८ जानेवारी
वस्तऱ्यात ब्लेड बसवताना बोट कापलं. हल्ली ब्लेडं निसरडी करतात. चिरंजीव म्हणाला, बाबा, उद्यापासून ब्लेड मी घालून ठेवत जाईन. म्हणालो, जन्मभर कोणी घातलं? म्हणाला, तुम्हीच घातलं, आता मला घालू द्या. पोराला बापाची सेवा करायची हुक्की आलीय, तर आपण कशाला मोडता घाला.

३ फेब्रुवारी
कमाल झाली! सकाळची पहिली दाढी नेहमीप्रमाणे पोस्टमनची. नोकरी सुटून जमाना झाला, पण आम्ही अजून पोस्टमनच म्हणतो. माझा लंगोटीयार. मध्येच माझा हात उडाला आणि वस्तरा गळ्यावरून थेट कानापर्यंत गेला. एक ओरखडा नाही! हात सुधारला. गोळीचा गुण म्हणावं तर गोळी मी घेतलेलीच नाही. म्हणजे गुण माझाच.

पोस्टमनचे डोळे मात्र शेवटपर्यंत मिटलेले होते. सुख वाटत असणार.

११ फेब्रुवारी
नवीन ब्लेड फारच मुलायम. पूर्वी वस्तरा फिरला की खर्रखर्र आवाज यायचा. आता फेस नुसता लोण्यासारखा निघतो. चिरंजीवाला विचारलं, कुठली कंपनी? म्हणाला, नवीन आहे. म्हणालो, हीच आणत जा.

१९ फेब्रुवारी
धंदा थंड. दाढी राखायची साथ आलीय. कॅशियरने राखली, त्याच्या भावाने राखली. एक जण माझी खुर्ची रिकामी असताना बाकावरच बसून राहिला. आधी पेपर वाचतो, म्हणाला. पेपर कालचा होता, आणि काल त्यानेच वाचलेला. शेवटी चिरंजीवाच्या खुर्चीवर जाऊन बसला. लोकांना जुन्या हाताची किंमत नाही. एक पोस्टमन तेवढा जाणकार.

२६ फेब्रुवारी
पोस्टमनच्या नातवाचं लग्न ठरलं. मी लगेच जाहीर केलं, नवरदेवाची दाढी मीच करणार. त्याच्या आजोबाची केली, बापाची केली, मग हा काय आकाशातून पडला? पोस्टमनला ठसका लागला. पाणी दिलं. निम्मं त्याच्या शर्टावर गेलं. तो हलला.

रात्री चिरंजीव म्हणाला, बाबा, नवरदेवाची मी करतो. म्हणालो, महिनाभरात एक तरी खरचटलं का कोणाला? सूनबाई काही बोलणार होती, तर त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं. म्हणजे दोघांनाही पटलं.

९ मार्च
उद्या लग्न. पांढरा कोट इस्त्री करून घेतला. बटणं हिने लावून पाहिली, म्हणजे उद्या खोळंबा नको. पाठीमागून बराच वेळ कोट सारखा करत राहिली. म्हणालो, अगं, लग्न माझं नाही. तिने कॉलर पुन्हा एकदा सारखी केली.

१० मार्च, दुपार
नवरदेव आला. काल उशिरा गाडीतून उतरलेला, डोळ्यांवर झोप, गालावर चांगलं तीन दिवसांचं रान. सोबत आजोबा. दाढी बघून पोस्टमनचा चेहरा पडला. मी कोट घालून उभा. फेस असा केला की ढग. कोपर खुर्चीला टेकवलं, श्वास धरला, वस्तरा फिरवला. झकास. टॉवेलने गाल पुसला.

रान जसंच्या तसं.

पुन्हा फेस लावला. पुन्हा फिरवला. पुन्हा तसंच. नवरदेव बिचारा अदबीने म्हणाला, आजोबा, ब्लेड घालायचं राहिलं का?

पोस्टमन त्याच्यावरच खेकसला. गाढवा, तुला सांगितलं होतं ना, घरून दाढी करून ये म्हणून! मी म्हणालो, अरे, दाढीला येताना दाढी करून कोण येतं? पोस्टमन खाली बघायला लागला. मग मी त्याच्या गालावर हात फिरवला. गुळगुळीत. साबणाचा वास. म्हणालो, तू रोज? म्हणाला, तुझ्याकडे यायचं तर अवतारात कसं यायचं?

चिरंजीव आला. बाबा, द्या, म्हणाला. दिला. त्याने खिशातून ब्लेड काढलं, बसवलं. खर्रखर्र आवाज आला. दाढी चांगली केली. कल्ले सारखे आले. त्याचा हात मी शेवटपर्यंत बघत होतो. हलला नाही.

११ मार्च
दुकानात गेलो नाही. घरी बसलो. पाय हलत होता, हलू दिला.

१२ मार्च
सेम.

१४ मार्च
गोळी घेतली. संध्याकाळी चिरंजीवाशी नीट बोललो. तो म्हणाला, मला माहीत आहे, बाबा. तपासणीचं बघतो. मी म्हणालो, बरं. मग तो म्हणाला, उद्या येताय ना दुकानात, तुमची खुर्ची पुसून ठेवलीय.

१५ मार्च
गेलो. पाटी काढली. खिळा निघेना, चिरंजीवाने काढला.

दुकान उघडल्या उघडल्या पोस्टमन येऊन माझ्याच खुर्चीत बसला. म्हणालो, घरून करून आलास? म्हणाला, आलोय. हनुवटी वर केली. म्हणालो, कानाखाली राहतं तुझं, नीट करत जा. म्हणाला, बरं.

चिरंजीवाने वस्तरा हातात दिला. ब्लेड नाही हे आता तिघांनाही ठाऊक. फेस लावला. सवयीने म्हणालो, हलू नकोस रे. म्हणाला, नाही हलत.

आरशात बघितलं. तो हलत नव्हता.